पंचगंगेचा डोंगर : श्रीक्षेत्र महाबळेश्वरची भूरचना आणि धनगर परंपरा

श्रीक्षेत्र महाबळेश्वरी येणारा भाविक पंचगंगेच्या गोमुखातून वाहणारे तीर्थ मस्तकी लावतो व श्रींच्या स्वयंभू लिंगापुढे नतमस्तक होतो. हे तीर्थ ज्या डोंगरातून येते, त्या डोंगराची ओळख भाविकांस व्हावी म्हणून हा लेख देत आहोत.

पुराणकथा आणि पाणलोट

सावित्रीदेवीच्या शापाने विष्णू कृष्णा झाले, शिव वेण्णा झाले आणि ब्रह्मदेव ककुद्मती म्हणजे कोयना झाले, अशी कथा प्रसिद्ध आहे. सावित्री व गायत्री यांनीही नदीरूप घेतले. या कथेतील भूगोल लक्षात घेण्याजोगा आहे. कृष्णा, वेण्णा व कोयना घाटमाथ्यावरून देशाकडे जातात. वेण्णा संगम माहुली येथे, तर कोयना कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते आणि कृष्णा पुढे बंगालच्या उपसागरास जाते. सावित्री मात्र कोकणात उतरून पोलादपूर, महाडवरून बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. एकाच डोंगराचे पाणी दोन समुद्रांना जाते, कारण सह्याद्रीचा मुख्य जलविभाजक येथूनच गेला आहे.

अग्नीतून घडलेला डोंगर

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त लाव्हा भेगांवाटे बाहेर पडून थरांवर थर साचले. त्यालाच दख्खनचा बेसाल्ट किंवा काळा पाषाण म्हणतात. येथील कड्यांमध्ये या थरांची एक किलोमीटरहून अधिक जाडी उघडी पडली आहे. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने वर येणारा भाविक नकळत हे थर एकेक करून ओलांडत असतो. भूवैज्ञानिकांनी या थरांच्या समूहांना खालून वर पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर अशीच नावे दिली आहेत. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो. दोन उद्रेकांमधील शांततेच्या काळाची ती खूण होय.

माथ्यावर जांभा दगडाचे आच्छादन आहे. दीर्घकाळच्या पावसाने बेसाल्टमधील सिलिका वाहून गेली, लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले आणि हा तांबडा, सच्छिद्र दगड तयार झाला. येथे वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ते पाणी जांभ्यात मुरते, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि डोंगराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. पावसाळा सरल्यावरही झरे वाहतात ते या साठ्यामुळे. म्हणून वरचे उजाड दिसणारे पठार ओसाड जागा नसून पाण्याची कोठी आहे.

धनगर व गवळी

या घाटमाथ्यावर गवळी धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखल्या. रानाच्या कडेला चार-सहा घरांचा धनगरवाडा, शेजारी गोठा आणि डोईवर लोणी-तूप घेऊन अवघड वाटेने बाजारास जाणाऱ्या स्त्रिया, असे हे जीवन होते. दुसरी परंपरा मेंढपाळ धनगरांची. देशावरील अवर्षणग्रस्त भागातील हे लोक दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात, शेतात मेंढ्या बसवून शेतकऱ्यास खत देतात आणि त्याच्याकडून धान्य अथवा पैसा घेतात. कोकणचा पाऊस मेंढीस मानवत नसल्याने मृगापूर्वी ते परत फिरतात.

कोणते पाणी केव्हा आटते, कोणते गवत केव्हा चारावे, कोणत्या वाटेने कळप उतरवावा, हे ज्ञान त्यांच्याकडे मुखोद्गत आहे. परंतु कोयनेच्या जलाशयात खोऱ्यातील अनेक गावे बुडाली, चराईवर निर्बंध आले आणि तरुण मंडळी पुणे-मुंबईकडे गेली. अनेक धनगरवाड्यांत आज वृद्धच उरले आहेत. त्यांच्यामागे हे ज्ञान सांगणारे कोणी राहणार नाही, ही चिंता खरी आहे.

संरक्षण व आपले कर्तव्य

केंद्र शासनाने २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. २०२५ साली येथील दख्खन बेसाल्टचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. हा अंतिम दर्जा नव्हे, त्याकडे जाणारी पहिली पायरी होय. कायद्याने बांधकाम रोखता येते. पण पठारावर टाकलेली प्लास्टिकची पिशवी रोखण्यास प्रत्येक ठिकाणी पहारा ठेवता येत नाही. तेथे भाविकाची श्रद्धाच पहारेकरी व्हावी लागते.

यास्तव भाविकांना नम्र विनंती की, निर्माल्य व प्लास्टिक झऱ्यांत अथवा कड्यांवरून टाकू नये, पठारावर वाहने नेऊ नयेत आणि वाटेत कळप भेटल्यास गाडी थांबवून त्यास वाट द्यावी. दानशूर भक्तांनी आपल्या गावच्या झऱ्याच्या वा कुरणाच्या रक्षणासाठी केलेले साहाय्यही आम्ही देवकार्यच मानतो. गोमुखातील धार ही श्रींची कृपा आहे. ती ज्या डोंगरातून येते तो डोंगर राखणे ही आपली सेवा ठरो.