प्यायला गोड, यंत्राला जड

भुसावळ परिसरातल्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये पाण्याच्या धारेने धातू कापणारे वॉटरजेट यंत्र आले, तेव्हा सगळी चर्चा पंपाच्या ताकदीची, टेबलाच्या मापाची आणि धारेत मिसळायच्या गार्नेट वाळूच्या भावाची झाली. पाण्याचा विषय लगेच मिटला. नळ आहे, बोअर आहे, उन्हाळ्यात टँकर मिळतो. शिवाय तेच पाणी सगळे कामगार पितात. पावसाळा आणि हिवाळा यंत्राने चोख काम दिले. मार्चनंतर नळाला पाणी कमी येऊ लागले, बोअरवर भार वाढला आणि स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची कड खडबडीत येऊ लागली. ओरिफिस, म्हणजे धार सोडणारे बारीक भोक असलेला भाग, बदलला की थोडे बरे वाटे, मग पुन्हा तेच. आधी संशय ऑपरेटरवर गेला, मग गार्नेट पुरवणाऱ्यावर. काढून टाकलेला ओरिफिस भिंगाखाली धरल्यावर भोकाच्या कडेला पांढरट थर दिसला. तो क्षारांचा होता.

एवढासा थर इतका का नडतो? वॉटरजेटचा पंप पाण्याला सुमारे ४,००० बारपर्यंत दाबतो. पाणी दाबले जात नाही असे आपण शाळेत शिकतो. पण या दाबाखाली ते दहा टक्क्यांहून अधिक आकसते आणि तापतेही. मग माणिक, नीलम किंवा हिऱ्याच्या ओरिफिसमधल्या मिलिमीटरच्या एक ते चार दशांश भोकातून ते सेकंदाला ८०० मीटरहून अधिक वेगाने सुटते. भोकाच्या कडेवर खर बसली की धार एकसंध राहत नाही. ती फाकते, पुढच्या नोझलला एका अंगाने घासते आणि नोझलही अकाली जाते.

आता हिशेब करू. मध्यम क्षमतेचा पंप मिनिटाला साडेतीन-चार लिटर पाणी घेतो, म्हणजे आठ तासांच्या पाळीत सुमारे १,८०० लिटर. पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांची एकूण मात्रा, लिटरला ५०० मिलिग्रॅम असेल, तर त्या एका पाळीत जवळजवळ ९०० ग्रॅम क्षार यंत्रातून जातात. आणि ५०० ही भारतीय पेयजल मानकाची, आयएस १०५००ची, स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालते. वॉटरजेटचे उत्पादक मात्र साधारण १०० ते २०० च्या पुढे गेले की प्रक्रिया करायला सांगतात. घशाला चालणारे पाणी ओरिफिसला चालेलच असे नाही, ते यामुळे.

खान्देशात अडचण आणखी वाढते, कारण इथले पाणी वर्षभर एकसारखे राहत नाही. तापी आणि पूर्णा चांगदेवला मिळतात आणि त्यांचे पाणी हतनूर धरणात येते. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की नदी गढूळ होते आणि फिल्टर लवकर तुंबतात. उन्हाळ्यात बोअर आणि टँकरवर भिस्त येते, तेव्हा कॅल्शियम, मॅग्नेशियम वाढलेले जड पाणी वाट्याला येते. रावेर-यावलचे केळी उत्पादक ठिबकच्या नळ्यांना आम्लप्रक्रिया करतात ती याच खरीसाठी. दीपनगरच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी तर बॉयलरचे पाणी क्षार काढल्याशिवाय वापरताच येत नाही.

त्या शेडमध्ये पहिला उपाय म्हणून सॉफ्टनर बसला. त्याने खर कमी झाली, पण टीडीएस जवळजवळ तेवढाच राहिला. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. क्षारांची एकूण मात्रा तो घटवत नाही. सिलिकाही त्याला दाद देत नाही, आणि सिलिकाचा थर काढायला फार चिवट असतो. म्हणून टीडीएस मध्यम आणि त्रास फक्त जडपणाचा असेल तर सॉफ्टनर पुरतो. टीडीएस किंवा सिलिका जास्त असेल तर आरओ हवा.

आरओ घेतला म्हणजे पाणी जितके निर्मळ तितके चांगले, असेही नाही. जवळजवळ शून्य क्षारांचे पाणी धातूचे आयन ओढून घेऊ पाहते आणि पंपाचे भाग खाते. पंपाच्या माहितीपुस्तिकेत टीडीएसची खालची मर्यादाही पाहावी आणि गरज पडल्यास आरओच्या पाण्यात थोडे प्रक्रिया न केलेले, पण गाळलेले पाणी मिसळावे.

उन्हाळ्यातली दुसरी अडचण उष्णतेची. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या छपरावरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी हाताला चटका देते आणि तेच पंपात शिरते. उच्च दाबाचे सील प्लास्टिकचे असतात. गरम पाण्याने ते मऊ पडतात आणि लवकर गळू लागतात. पंपात जाणारे पाणी २०-२५ अंशांच्या आसपास असावे. यासाठी साठा जमिनीखालच्या हौदात ठेवावा, पाइप उन्हातून नेऊ नये आणि तरीही भागत नसेल तर चिलर बसवावा. हायड्रॉलिक तेल थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरचे पाणीही तपासावे. त्यात खर धरली की तेल तापते, आणि दोष भलत्याच भागाला लागतो.

फिल्टर पायरीपायरीने लावावेत: आधी १० मायक्रॉन, मग १, शेवटी अर्धा मायक्रॉन. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर दाबमापक असावा. फरक वाढला की काडतूस बदलायचे, तारखेची वाट पाहायची नाही. पुरवठ्याचा दाब पंपाला लागतो त्याहून खाली गेला तर तो कोरडा धावतो. नळाचा भरवसा नसेल तिथे बूस्टर पंप आणि दाब पडताच यंत्र थांबवणारा स्विच हवाच.

नवे यंत्र घेणाऱ्यांनी मागणी नोंदवण्याआधी पाण्याचे नमुने द्यावेत. नळाचा, बोअरचा आणि टँकरचा नमुना वेगवेगळा. एकदा पावसाळ्यात, एकदा एप्रिल-मेमध्ये. प्रयोगशाळेला पिण्याच्या पाण्याची नेहमीची तपासणी सांगून थांबू नये. आयएस १०५००च्या यादीत सिलिका नाही, त्यामुळे ती मागितल्याशिवाय अहवालात येत नाही. टीडीएस, एकूण जडपणा, सिलिका, लोह, क्लोराइड आणि पीएच हे सहा आकडे लेखी घ्यावेत आणि पंप विकणाऱ्याकडून त्यावर प्रक्रियेची शिफारसही लेखीच घ्यावी.