शरीराची हाळी आणि करोनाचा विषाणू

कला शाखेच्या विद्यार्थिनीने विषाणूवर लेख लिहावा, ह्याचे काहींना नवल वाटेल. माझा विषय इतिहास आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. परंतु एक प्रश्न कित्येक दिवस माझी पाठ सोडीत नव्हता. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले व समजले, ते येथे साध्या शब्दांत मांडीत आहे.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट आमच्या गावापर्यंत आली. माझे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते बी-बियाण्याच्या कामासाठी तालुक्याला जाऊन आले. वेशीवर गावची पोरे कपाळासमोर यंत्र धरून ताप पाहत होती. तात्यांना ताप नव्हता. रात्री ते नेहमीप्रमाणे आजीच्या शेजारी जेवावयास बसले. दोन दिवसांनी त्यांना ताप भरला. पुढच्या आठवड्यात सत्तरी ओलांडलेली आजी अंथरुणास खिळली, ती पुन्हा उठली नाही. तेव्हापासून तात्या एकच वाक्य म्हणतात, "मला कळायला पाहिजे होतं." त्यांना ते कळू शकले असते काय, हाच तो प्रश्न.

आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती दोन प्रकारची असते. नव्या शत्रूची ओळख पटवून त्याच्यासाठी खास प्रतिपिंडे तयार करणारी शक्ती कामाला लागावयास आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागतो. तोपर्यंत खिंड लढविते ती जन्मजात प्रतिकारशक्ती. तिचे काम मला आमच्या शिवारातील राखणीसारखे वाटते. जोंधळा हुरड्यात आला की रात्री माळ्यावर राखणदार बसतात. एकाला रानडुकरांची चाहूल लागली की तो हाळी देतो आणि आजूबाजूच्या माळ्यांवरचे सारे सावध होतात.

पेशींचेही असेच आहे. करोनाच्या विषाणूचा सारा मजकूर सुमारे ३० हजार अक्षरांच्या आरएनए नावाच्या धाग्यावर लिहिलेला असतो. पेशीत शिरून तो आपल्या नकला काढू लागला की दुपदरी आरएनए तयार होतो. असा लांब दुपदरी धागा निरोगी पेशीत सहसा आढळत नाही. रिग-आय आणि एमडीए-५ ही पेशीतील राखणदार प्रथिने तो ओळखतात आणि केंद्रकाकडे निरोप धाडतात. मग पेशी इंटरफेरॉन नावाचे प्रथिन बाहेर सोडते. हीच ती हाळी! ती ऐकताच शेजारच्या पेशी शेकडो जनुके जागी करून विषाणूची वाट अडवितात. १९५७ साली लंडन येथे ॲलिक आयझॅक्स व जीन लिंडेनमन ह्या दोघांनी कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर प्रयोग करून इंटरफेरॉनचा शोध लावला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ताप, कणकण, अंगदुखी ही बहुतांशी अशा हाळीचीच लक्षणे होत. औषध म्हणून नुसते इंटरफेरॉन टोचले, तरी रोग्याला ताप येतो आणि अंग दुखते. म्हणजे ताप हा शत्रू आल्याचा पुरावा नसून शरीराला शत्रू दिसल्याचा पुरावा आहे.

करोनाचा विषाणू नेमकी ही हाळीच दाबतो. प्रथम तो लपतो. पेशीतील पातळ पडद्यांच्या दुहेरी पिशव्या करून तो त्यांच्या आत नकला काढतो, त्यामुळे दुपदरी धागा राखणदारांच्या दृष्टीस सहजी पडत नाही. दुसरे, तो वेषांतर करतो. आपल्या आरएनएच्या टोकाला तो आपल्या पेशींसारखीच खूण चढवितो, म्हणून तो घरचाच वाटतो. तिसरे, त्याचे एनएसपी-१ नावाचे प्रथिन पेशीच्या रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिने घडविणाऱ्या यंत्रात, बुचासारखे बसते. पेशीने इंटरफेरॉनची आज्ञा लिहिली तरी ती अमलात येत नाही. विषाणूच्या आज्ञा मात्र पार पडतात. चौथे, ओआरएफ-६ हे त्याचे प्रथिन केंद्रकाचे दार अडविते, त्यामुळे शेजाऱ्याची हाळी आली तरी ती आत पोहोचत नाही. हे सारे विषाणू ठरवून करतो असे मात्र नव्हे. त्याला बुद्धी नसते. असंख्य पिढ्यांत ज्यांची हाळी चुकविण्याची तऱ्हा साधली, तेच टिकले, एवढेच.

ह्याचा परिणाम असा की हाळी उठण्यापूर्वीच विषाणू अफाट वाढलेला असतो. लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. २००३ साली सार्सची साथ आली, तेव्हा रोगी मुख्यतः आजारी पडल्यानंतरच रोग पसरवीत. म्हणून ताप पाहून माणसे वेगळी काढणे उपयोगी पडले आणि ती साथ त्याच वर्षी आटोक्यात आली. कोविडमध्ये तो उपाय तोकडा पडला.

उशिरा उठलेली हाळी आणखी एक घात करते. शत्रू सगळीकडे पसरल्यावर शरीर अंदाधुंद लढू लागते आणि त्यात फुप्फुसांचीच हानी होते. २०२० साली जीवघेण्या कोविडच्या ९८७ रोग्यांची तपासणी झाली. त्यांतील १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे आढळली. सत्तरीनंतर अशी प्रतिपिंडे अधिक प्रमाणात सापडतात, हेही पुढे दिसून आले.

दिवाळीच्या सुटीत मी हे सारे तात्यांना बांधावर बसून सांगितले. तात्या चौथीपर्यंत शिकलेले. पण राखणीचे म्हटल्यावर त्यांना लगेच उमगले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे राखणदार झोपला नव्हता तर?"

"नाही तात्या. त्याचं तोंड दाबलं होतं."

"मग ताप नाही म्हणून बिनघोर राहायचं नाही, पोरी. हे लिही."

म्हणून लिहिते. साथीच्या दिवसांत आपल्याला बरे वाटते एवढ्यावर विसंबू नये. घरात म्हातारे माणूस असेल तर मुखपट्टी, मोकळी हवा आणि थोडे अंतर ह्यांचा कंटाळा करू नये. तसेच कोणाच्या हातून नकळत घरात रोग आला असेल, तर त्याला दोष देऊ नये आणि त्याने स्वतःलाही देऊ नये. जे त्याच्या शरीरालाच कळले नव्हते, ते त्याला कोठून कळणार?

तात्यांचे दुःख ह्याने गेले असे मी म्हणत नाही. अंक हाती आला की हा लेख त्यांना वाचून दाखवीन.