मालमोटारीस साहाय्यक तेल-पंप व जादा गाळणी

वणी तालुक्यांतील राजूर हें गांव कोळशाच्या खाणी व चुन्याच्या भट्ट्या यांसाठीं सर्वांस ठाऊक आहे. येथील रस्त्यांवर डिझेलच्या मालमोटारींची वर्दळ असते, आणि आसपासच्या शेतकऱ्यांचा कापूसही मालमोटारींतूनच वणीच्या बाजारांत जातो. कोळशाची काळी व चुन्याची पांढरी अशी दोन्ही प्रकारची धूळ ह्या गाड्यांच्या वांट्यास येते. ऐन हंगामांत भरलेली गाडी वाटेंत बंद पडली म्हणजे भाडें बुडतें, आणि वर आभाळ आलेलें असल्यास मालही भिजतो. पुष्कळदां एंजिन धड असतें, पण त्यास डिझेलच नीट पोहोंचत नसतें. अशा वेळीं विजेवर चालणारा एक जादा पंप बसवावा, असा सल्ला मेस्त्री देतात. तो केव्हां योग्य व केव्हां व्यर्थ, याचा विचार येथें करावयाचा आहे.

तेलाचा मार्ग.— जुन्या बांधणीच्या एंजिनांत टाकींतील डिझेल प्रथम फीड पंपाकडे येतें. हा लहान पंप इंजेक्शन पंपाच्याच अंगास बसविलेला असून त्यावर हातानें दाबावयाचा प्रायमर असतो. तेथून डिझेल गाळण्यांमधून इंजेक्शन पंपांत व पुढें नोझलकडे जातें. उरलेलें परत टाकींत येतें. रुडॉल्फ डिझेल यांचें एंजिन १८९७ सालीं यशस्वी रीतीनें चाललें. परंतु जर्मनींतील बॉश कंपनी १९२७ पासून इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर तयार करूं लागली, तेव्हां कोठें डिझेलच्या मालमोटारींचा प्रसार झाला. ह्या पंपांतील दांडा व त्याचें घर यांमधील फट अवघी दोनतीन मायक्रॉनची असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केंस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो. यावरून डोळ्यांस न दिसणारी धूळही तेथें कानशीसारखें काम करते, हें ध्यानांत येईल.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा मार्ग ओढीचा व त्यापुढचा दाबाचा होय. दाबाच्या भागांत सांधा सैल झाला तर डिझेल बाहेर ठिबकतें व दोष चटकन दिसतो. ओढीच्या भागांत मात्र डिझेल बाहेर न येतां हवा आंत शिरते. नळी कोरडी दिसते आणि गाडी चढावर दम सोडते. सकाळीं प्रायमर मारल्याशिवाय एंजिन सुरू होत नाहीं, हेंही याचेंच लक्षण आहे.

आधीं परीक्षा.— पंप विकत घेण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. टाकीचें झांकण उघडतांना आंत हवा ओढल्याचा आवाज आल्यास झांकणाचें छिद्र बुजलें आहे असें समजावें. फीड पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडून एंजिन चालवावें. बुडबुडे दिसल्यास हवा कोठून तरी शिरत आहे. गाळणी उघडून तींत चिखल किंवा पाणी आहे काय तें पाहावें. शेवटीं स्वच्छ डिझेलचा डबा उंचावर बांधून त्यांतून वेगळ्या नळीनें फीड पंपास तेल द्यावें. गाडी नीट चालली तर दोष टाकींत किंवा तिच्या नळींत आहे हें ठरलें. दहांपैकीं कित्येक गाड्या एवढ्यानेंच, म्हणजे एक वायसर किंवा एक नळी बदलून, सुधारतात. फुटकी नळी तशीच ठेवून पंप लावणें म्हणजे गळक्या मोटेस दुसरी बैलजोडी जुंपण्यासारखें आहे.

पंपाची जागा व दाब.— नळी लांब असेल, किंवा फीड पंपाची ओढ झिजून कमी झाली असेल, तर साहाय्यक पंप खरोखर उपयोगी पडतो. तो टाकीजवळ, शक्य तों तिच्या तळाच्या पातळीस, चौकटीच्या आंतल्या बाजूस व सायलेन्सरपासून दूर बसवावा. त्यायोगें लांब नळी ओढीची न राहतां दाबाची होते. पंप डिझेलसाठींच केलेला व गाडीच्या १२ किंवा २४ व्होल्टच्या बॅटरीस जुळणारा असावा. दाब दर चौरस सेंटिमीटरास अर्ध्या किलोच्या आंत असावा आणि एंजिनच्या कारखान्यानें सांगितलेल्या मर्यादेबाहेर जाऊं नये. पेट्रोल मोटारीचा जोराचा पंप लावल्यास सील फुटून डिझेल एंजिन ऑइलमध्यें उतरूं शकतें. म्हणून पंप बसविल्यावर आठवडाभर ऑइलची कांडी रोज पाहावी. ऑइल वाढलें व त्यास डिझेलचा वास आला, तर गाडी ताबडतोब थांबवावी. पंप बंद पडल्यास जुना फीड पंप डिझेल ओढूं शकेल, अशी एकमार्गी झडपेची बगलनळी ठेवावी.

गाळण्यांचा क्रम.— पंपाच्या अलीकडे सुमारें ३० मायक्रॉनची जाड गाळणी असावी. तिला पाणी सांठविणारी पारदर्शक वाटी व खालीं तोटी हवी. पंपाच्या पलीकडे ५ ते १० मायक्रॉनची बारीक गाळणी बसवावी. मूळच्या गाळण्या काढूं नयेत. बारीक गाळणी ओढीच्या बाजूस लावल्यास तीच तेल अडविते आणि ज्या रोगासाठीं उपाय केला तोच बळावतो. नळी डिझेल सोसणाऱ्या रबराची असावी. जस्ताचा मुलामा असलेले जोड वापरूं नयेत, कारण डिझेलमध्यें जस्ताचे क्षार उतरून नोझल खराब होतात.

विजेची जोडणी.— बॅटरीजवळ फ्यूज व पंपासाठीं रिले घालावा. रिले ऑइलच्या दाबाच्या स्विचवरून चालवावा, म्हणजे एंजिन थांबतांच पंपही थांबेल. अपघातांत नळी तुटली व पंप चालूच राहिला, तर तो आगीस तेल पुरवील. माणसाचा जीव ह्या एका तारेवर अवलंबून असतो. ती टाळून पैसे वांचवूं नयेत. हवा काढण्यासाठीं मात्र दाबून धरावयाचें वेगळें बटण ठेवावें. तें दाबून प्रथम गाळणीचा, मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहूं द्यावें.

नित्याची निगा.— रोज सकाळीं एंजिन सुरू करण्यापूर्वीं वाटीची तोटी उघडून तळचें पाणी सोडावें. पावसाळ्यांत तर हें चुकवूंच नये. टाकी संध्याकाळीं भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्यानें आंत पाणी धरत नाहीं. पिंपांतील डिझेल हलविल्यावर एक रात्र निवूं द्यावें आणि नळी तळापासून चार बोटें वर ठेवून काढावें. ट्रॅक्टर व विहिरीवरील एंजिन यांसही हाच नियम लागू आहे.

नव्या गाड्यांविषयीं इशारा.— १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या मालमोटारींत डिझेल हजार वातावरणांहून अधिक दाबानें फवारलें जातें व त्यावर विजेच्या यंत्रणेची नजर असते. तेथें वरील फेरफार करूं नये. कारखान्याची गाळणी वेळेवर बदलणें हाच उपाय. तसेंच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ वाहनाच्या मूळ तपशिलाशीं विसंगत बदलास मनाई करतें. म्हणून जुन्या गाडींतही काम करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारून घ्यावें.

सारांश, आधीं दोष शोधावा, मग डिझेल स्वच्छ करावें, आणि तरीही गरज उरली तरच पंप बसवावा. ज्यांच्या गाड्या दिवाळीनंतर कापसाच्या खेपा करणार आहेत, त्यांनीं ही तपासणी पावसाळा संपतांच करून घ्यावी. तेव्हां मेस्त्र्यास सवड असते व गाडीही रिकामी असते.