'सर्व', 'काही' आणि 'जर-तर' : मुलं नेमकी कुठे अडतात?



बुद्धिमत्ता चाचणीत विधान-अनुमानाचे प्रश्न आले की चांगली हुशार मुलंही गुण घालवतात. मग 'याला तर्कच जमत नाही' असा शिक्का बसतो. खरी अडचण बहुधा भाषेची असते. रोजच्या बोलण्यात आपण न बोललेलंही समजून घेतो. परीक्षेत मात्र लिहिलंय तेवढंच धरायचं असतं.

१) काही : 'काही लाडू खाल्ले' म्हटलं की 'थोडे उरले' असं आपण समजतो. तर्कात 'काही' म्हणजे 'निदान एक'. म्हणून 'काही पेन लाल आहेत' यावरून 'काही पेन लाल नाहीत' हे अनुमान निघत नाही.

२) सर्व : 'सर्व आंबे फळे आहेत' यावरून 'सर्व फळे आंबे आहेत' असं म्हणता येत नाही. फळांच्या मोठ्या वर्तुळात आंब्यांचं छोटं वर्तुळ काढून दाखवा, लगेच पटतं. आणखी एक, 'सर्व मुले हजर आहेत' हे खोटं ठरायला एकच मूल गैरहजर असलं तरी पुरे.

३) जर-तर : 'जर पाऊस पडला, तर अंगण ओले होते.'
- पाऊस पडला : अंगण ओलं. नक्की.
- अंगण कोरडं आहे : पाऊस पडला नाही. नक्की.
- अंगण ओलं आहे : सांगता येत नाही. कुणी सडा घातला असेल.
- पाऊस पडला नाही : सांगता येत नाही.

शेवटच्या दोन ठिकाणी मुलं फसतात, आणि मोठी माणसंही! पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेलं कार्डांचं कोडं प्रसिद्ध आहे. ते मराठीत असं करता येईल : प्रत्येक कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसतात अ, क, ४, ७. नियम : 'एका बाजूला स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते.' नियम तपासायला कोणती कार्डं उलटाल? बरेच जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. ४ च्या मागे काहीही असलं तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

पुढे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी असंच कोडं दारू पिण्याच्या वयाच्या नियमावर घातलं, तेव्हा बहुतेकांना ते सुटलं. म्हणजे ओळखीचा नियम असला की डोकं बरोबर चालतं.

म्हणून वर्गात सुरुवात अशी करा : 'सहलीला यायचं असेल, तर पालकांची सही हवी.' बाई कुणाला तपासतील? बसमध्ये बसलेल्यांना, आणि सही नसलेल्यांना. सही असून घरी थांबलेल्याला कोण विचारतंय? हे मुलं पटकन सांगतात. मग त्याच वाटेने अक्षर-अंकांकडे न्या.

घरी सराव घेताना एकच प्रश्न विचारत राहा : 'एवढ्यावरून नक्की सांगता येतं का?' आणि 'सांगता येत नाही' हेही बरोबर उत्तर असू शकतं, हे मुलांना जरूर कळू द्या.