गोळी सर्दीची, घसा कोरडा का?

हॉस्टेलमध्ये परीक्षा आणि सर्दी बहुधा हातात हात घालूनच येतात. मग शेजारच्या खोलीतून गोळी मागायची, नाव न वाचता गिळायची आणि झोपायचं. सकाळी नाक वाहायचं थांबलेलं असतं खरं. पण जीभ टाळ्याला चिकटते, डोळे जड होतात आणि रात्री पाठ केलेलं डेरिव्हेशन ऐन पेपरात आठवत नाही. दोष अभ्यासाचाही असेल म्हणा! पण थोडा गोळीचाही असू शकतो.

मज्जातंतूचा निरोप अवयवापर्यंत रसायनातून पोचतो. 1921 साली ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस उत्तेजित केली. हृदय मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं! ते रसायन म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन. या कामासाठी लोवी यांना 1936 चं नोबेल हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

अँटिकोलिनर्जिक औषधं म्हणजे या सिग्नलचा जॅमर. ती रिसेप्टरवर जाऊन बसतात आणि निरोप आत जाऊ देत नाहीत. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, पोटात मुरडा आल्यावर घेतो ते डायसायक्लोमाइन, घाटात गाडी लागू नये म्हणून घेतलेलं प्रोमेथाझिन, सगळ्यांत हा गुण कमीअधिक आहे. अडचण अशी की हा सिग्नल लाळ, घाम, डोळा, आतडी, मूत्राशय, मेंदू अशा सगळीकडे चालतो आणि जॅमरला खोली निवडता येत नाही.

हाच जॅमर जीवही वाचवतो. मोनोक्रोटोफॉससारख्या कीटकनाशकाच्या विषबाधेत अ‍ॅसिटिलकोलीन शरीरात साचतं, फुफ्फुसात स्राव भरतो. तिथे डॉक्टर अ‍ॅट्रोपिनच देतात. शेतकरी घरातल्या मित्रांनी हे नाव ऐकलं असेल.

खरा धोका बेरजेत आहे. सर्दीची एक, पोटाची एक, गावी जाताना बसची एक. तीन वेगळी नावं, पण परिणाम एकावर एक चढतो. घाम येणं कमी झालं की मे महिन्याच्या उन्हात अंग तापतं. म्हणून दुसरी गोळी घेण्याआधी स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा, केमिस्टला विचारा. वर दारू नको, आणि गोळी घेऊन बाइकही नको. सेटिरिझिनमध्ये हा गुण फारच कमी. झोप मात्र तीही आणते. आपली गोळी सुट्टीत आजोबांना तर मुळीच देऊ नका. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर लघवी अडकते, एका प्रकारच्या काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो, आणि म्हाताऱ्या माणसाला भ्रमही होऊ शकतो.

आता धोतऱ्याबद्दल. त्याच्या बियांत अ‍ॅट्रोपिन आणि हायोसिन असतं, पण किती, ते प्रत्येक झाडागणिक बदलतं. 'मजा' म्हणून बिया खाणारा माणूस डोस न मोजता विष घेत असतो. बाहुल्या मोठ्या, कातडी लाल, कोरडी आणि तापलेली, छाती धडधडणारी, बडबड असंबद्ध, असं कुणाचं दिसलं, मग कारण गोळ्या असोत की बिया, तर झोपून उतरेल म्हणून वाट बघू नका. ताबडतोब रेक्टरना उठवा, हॉस्पिटल गाठा, आणि रिकामी स्ट्रिप किंवा उरलेल्या बिया सोबत न्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.