‘काल तर चालत होतं!’

सहकारी पतसंस्था, दूध संघ, जुने छापखाने इथली जी मशीन नव्या पोरांना उघडून बघायचीही इच्छा नसते, ती सांभाळणं हा माझा धंदा. कुठे डॉसवरच्या फॉक्सप्रोत लिहिलेला ठेव-कर्जाचा हिशेब, कुठे विंडोज ३.१ च्या जमान्यातला १६ बिटी प्रोग्रॅम. लिहिणारा माणूस केव्हाच दुसऱ्या उद्योगाला लागलेला, सोर्स कोड कुणाकडेच नाही, आणि संस्थेची सगळी किर्द-खतावणी मात्र त्यातच. ६४ बिटी विंडोजवर असले प्रोग्रॅम सुरूच होत नाहीत. त्यांना चालवणारा एनटीव्हीडीएम हा भाग तिथे ठेवलेलाच नाही. ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचे अपडेट बंद झाले आणि यातली बरीच मशीन मी लिनक्सवर आणली. डॉससाठी डॉसेमू नाहीतर डॉसबॉक्स, विंडोजच्या प्रोग्रॅमसाठी वाइन. चालतात छान. मग एखाद्या सकाळी कर्नलचा अपडेट बसतो आणि फोन येतो, “साहेब, काल तर चालत होतं!”

अशा फोनांनी जे शिकवलं त्यातलं काही इथे लिहितो.

१. आधी मागच्या कर्नलवर जा.

मशीन सुरू होताना ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली आधीचा कर्नल बहुधा शिल्लक असतो. तो निवडायला फोनवरूनही सांगता येतं. काउंटरवर खातेदार ताटकळत असतात, त्यामुळे संस्थेचं काम चालू होणं पहिलं. शिवाय निदानही तिथेच अर्धं होतं. जुन्या कर्नलवर प्रोग्रॅम चालला तर संशयित सापडला. नाही चालला तर कर्नलचा नाद सोडायचा आणि वाइनची आवृत्ती, डिस्क, फोल्डरच्या परवानग्या तपासायच्या. हे सोडून पहिल्याच झटक्यात वाइन काढून पुन्हा बसवणारे फार भेटतात. त्याने कर्नल काही बदलत नाही. बरेचदा त्या झटापटीत वाइनचा जुना फोल्डरच पुसला जातो, आणि मग खरोखरच बिघाड होतो.

२. तुमचा प्रोग्रॅम खऱ्या प्रोसेसरवर चालतो की खोट्या, हे माहीत हवं.

सगळ्यांना आपण सरसकट ‘एम्युलेटर’ म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. डॉसबॉक्स अख्खा प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो. फॉक्सप्रोला वाटतं आपण ४८६ वर आहोत. खाली काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. केव्हीएम (कर्नलमधली व्हर्च्युअल मशीनची सोय) न वापरता चालवलेला क्यूएमू हा एम्युलेटरही तसाच. म्हणून कर्नल बदलल्यावर हे सहसा बिघडत नाहीत.

इंटेल किंवा एएमडीच्या मशीनवर वाइनचं तसं नाही. प्रोग्रॅमच्या सूचना तो थेट खऱ्या प्रोसेसरला चालवायला देतो आणि विंडोजची फक्त भोवतालची व्यवस्था पुरवतो. १६ बिटी प्रोग्रॅमला १६ बिटी सेगमेंट लागतात, ते वाइनला कर्नलकडे मागावे लागतात. जुना डॉसेमू ३२ बिटी कर्नलकडून व्हीएम८६ नावाची सोय घ्यायचा. ६४ बिटी मोडमध्ये ती सोय प्रोसेसरच देत नाही, म्हणून ६४ बिटी मशीनवर डॉसेमूला प्रोसेसरची नक्कल करावी लागते किंवा, डॉसेमू२ करतो तसं, केव्हीएमची मदत घ्यावी लागते. थोडक्यात, जो कर्नलकडे हात पसरतो त्यालाच कर्नल नाही म्हणू शकतो. डॉसचा प्रोग्रॅम डॉसेमूत बंद पडला आणि डॉसबॉक्समध्ये चालला, तर पुढे कुठे खोदायचं ते कळलं.

३. कर्नलने ‘नाही’ का म्हटलं, ते वाचा.

इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण माझ्या धंद्यातलं सगळ्यात शिकवणारं प्रकरण हेच. २०१४ च्या वसंतात, म्हणजे नेमकी आम्ही एक्सपी सोडत होतो तेव्हाच, ६४ बिटी लिनक्स कर्नलने १६ बिटी सेगमेंट द्यायचं बंद केलं. वाइनमधले विंडोज ३.१ चे प्रोग्रॅम एका अपडेटसरशी आडवे झाले. वाइनमध्ये काहीच बदललं नव्हतं.

कारण प्रोसेसरच्या एका जुन्या खोडीत होतं. कर्नलचं काम आटोपून प्रोग्रॅमकडे परतताना ‘आयरेट’ ही सूचना वापरतात. परतायचा स्टॅक १६ बिटी असेल, तर ही सूचना स्टॅक पॉइंटरचे फक्त खालचे १६ बिट भरते. त्यांच्या वरच्या १६ बिटांत कर्नलचा आकडा तसाच राहतो. म्हणजे कुठल्याही साध्या प्रोग्रॅमला कर्नलच्या स्टॅकच्या पत्त्याचा एक तुकडा वाचता येतो. हल्लेखोराला एवढी खूणही पुष्कळ असते. ३२ बिटी कर्नलमध्ये यावर तोड आधीपासून होती, ६४ बिटीत नव्हती. म्हणून कर्नलचे एक विकासक एच. पीटर अ‍ॅनव्हिन यांनी तात्पुरता इलाज म्हणून १६ बिटी सेगमेंटच बंद केले, आणि हा बदल स्थिर शाखांमध्येही उतरवायचं ठरलं.

मग वाइनवाल्यांची ओरड झाली. आपल्या बदलाने लोकांचे चालू प्रोग्रॅम मोडता कामा नयेत, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम प्रसिद्धच आहे. लोक खरंच वाइनवर १६ बिटी प्रोग्रॅम चालवतात हे दिसल्यावर त्यांनीच कर्नल ३.१५ मध्ये एक खटका दिला: ‘एबीआय.एलडीटी१६’ ही किंमत १ केली की १६ बिटी सेगमेंट पुन्हा मिळत. पुढे ३.१६ मध्ये अ‍ॅनव्हिन यांचाच पक्का उपाय आला, ‘ईएसपीफिक्स६४’. त्यात १६ बिटी स्टॅककडे परतताना कर्नल आपला नेहमीचा स्टॅक न वापरता एका छोट्या वेगळ्या स्टॅकवरून परततो, त्यामुळे खऱ्या पत्त्याची गळती होत नाही. ते आल्यावर खटक्याची गरज उरली नाही, आणि तो काढून टाकला.

यातून मला दोन सवयी लागल्या. आवृत्तीच्या मोठ्या आकड्यावर मी भरवसा ठेवत नाही. सुरक्षेचे बदल जुन्या शाखांमध्ये मागल्या दाराने येतात, आकडा तोच दिसतो आणि वागणूक बदललेली असते. दुसरी सवय म्हणजे सापडलेल्या उपायाची तारीख बघणं. आजच्या मशीनवर ‘एबीआय.एलडीटी१६’ शोधत बसणारा माणूस मी पाहिला आहे. तो खटका उणापुरा एक उन्हाळा-पावसाळा होता! आज १६ बिटी प्रोग्रॅम अडला तर ‘बूट’ फोल्डरमधली कर्नलची कॉन्फिग फाइल उघडावी आणि १६ बिटी सेगमेंटचा व ‘मॉडिफाय-एलडीटी’चा (सेगमेंट मागायच्या सिस्टिम कॉलचा) पर्याय चालू ठेवून तो कर्नल बांधलाय का ते बघावं. कुणी हौसेने स्वतः बांधलेला ‘हलका’ कर्नल असेल तर गुन्हेगार बहुधा तिथेच मिळतो.

४. शून्य पत्त्याचा मोह आवरा.

डॉसच्या जगात मेमरी शून्यापासून वापरात असते; इंटरप्टचा तक्ता नेमका तिथेच बसतो. म्हणून खऱ्या प्रोसेसरवर डॉस चालवायचं तर शून्य पत्त्यावरचं पान लागतं. आता कर्नलमध्ये कुणी रिकामा पॉइंटर चुकून वापरला, तर तोही शून्यावरच जातो. तिथे हल्लेखोराने आपला मजकूर आधीच मांडून ठेवला असेल तर कर्नल तो चालवतो. हे टाळायला २००७ मध्ये कर्नल २.६.२३ मध्ये ‘एममॅप-मिन-अ‍ॅड्र’ ही मर्यादा आली: साध्या प्रोग्रॅमला इतक्या पत्त्याच्या खाली जागा मिळणार नाही. २००९ च्या ऑगस्टमध्ये सुरक्षा संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी आणि ज्यूलियन टिनेस यांनी ‘सेंडपेज’मधली फट दाखवली, ती याच जातीची होती, आणि बरीच वर्षं कर्नलमध्ये पडून होती.

ही मर्यादा शून्य केली की अडलेला डॉसेमू लगेच चालतो. म्हणूनच ते करण्याचा मोह होतो. पण ती सेटिंग अख्ख्या मशीनची असते, एका प्रोग्रॅमची नव्हे. लोकांच्या ठेवी ज्या मशीनवर आहेत तिथे मी ती कधीही शून्य ठेवत नाही. त्याऐवजी डॉसबॉक्स वापरतो. तो थोडा हळू चालेल, महिनाअखेरचं व्याज लागायला चहा होईल एवढा वेळ जाईल. जाऊ दे.

५. अपडेट दरवेळी गुन्हेगार नसतो.

जानेवारी २०१० मध्ये याच ऑर्मंडी यांनी विंडोजच्या १६ बिटी व्यवस्थेतली एक फट जाहीर केली; ती १९९३ च्या विंडोज एनटी ३.१ पासून तिथे होती. फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने एमएस१०-०१५ हा अपडेट दिला आणि अनेकांची मशीन निळ्या पडद्यावर अडकली. शिव्या अपडेटला पडल्या. तपासात निघालं भलतंच. त्या मशीनवर अ‍ॅल्युरॉन नावाचा रूटकिट आधीपासून लपून बसला होता. कर्नलमधले पत्ते त्याने ठरावीक धरले होते, अपडेटने ते हलले आणि चोर उघडा पडला.

आमच्याकडे इतकं नाट्य नसतं. पण अपडेटच्याच दिवशी कुणीतरी मशीनही बदललेलं असतं. टर्बो पास्कलमधले जुने प्रोग्रॅम वेगवान प्रोसेसरवर ‘रनटाइम एरर २००’ देऊन मरतात, कारण सुरुवातीला वेग मोजताना भागाकाराचं उत्तर जागेत मावत नाही. कर्नलचा काही संबंध नाही. डॉसबॉक्समध्ये सायकल कमी करा, चालतो.

६. कर्नलची नोंदवही वाचा.

त्यासाठी ‘डीमेसेज’ ही एकच आज्ञा लागते. एक उदाहरण पुरे. कर्नल ४.१५ पासून यूएमआयपी हे संरक्षण आपोआप चालू होतं. प्रोसेसरच्या अंतर्गत तक्त्यांचे पत्ते विचारणाऱ्या एसजीडीटी, एसआयडीटी अशा सूचना त्यामुळे साध्या प्रोग्रॅमला मिळत नाहीत. काही जुने प्रोग्रॅम, विशेषतः नकलेविरुद्ध कुलूप घातलेले, त्याच सूचना वापरत. कर्नल त्यातल्या काही स्वतः खोटं उत्तर देऊन निभावून नेतो. पण कोणत्या प्रोग्रॅमने कोणती सूचना वापरली हे तो नोंदवहीत लिहितो. पडद्यावर मात्र ‘प्रोग्रॅम एरर’ यापलीकडे काही दिसत नाही.

७. व्हर्च्युअल मशीन हा आसरा आहे, पण त्यालाही भाडं आहे.

“एक्सपीच आत टाकून द्या ना,” असं मॅनेजर मॅडम म्हणतात. बरोबरच आहे, मीही ते करतो. फक्त व्हर्च्युअलबॉक्सला कर्नलमध्ये स्वतःचे मोड्यूल लागतात, आणि ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागतात. डीकेएमएस हे आपोआप करतं, पण त्याला त्या कर्नलच्या हेडर फाइली हव्यात, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर मोड्यूलवर सहीही हवी. यातलं एक राहिलं की सकाळी पुन्हा फोन. कर्नल ६.१२ पासून केव्हीएम नुसता लोड झाला तरी प्रोसेसरची व्हर्च्युअल सोय आपल्याकडे घेऊन ठेवतो; मग व्हर्च्युअलबॉक्सला ती मिळत नाही आणि तो ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची तक्रार करतो. केव्हीएमला ‘एनेबल-व्हर्ट-अ‍ॅट-लोड’ शून्य सांगितलं की प्रश्न सुटतो. नवीन जागी मी सरळ क्यूएमू-केव्हीएम वापरतो. केव्हीएम कर्नलच्याच घरचा असल्यामुळे ही कटकट कमी.

८. कर्नल गोठवायचा तर नेटची वायर काढायची.

अपडेट थोपवणं सोपं आहे, ‘एपीटी-मार्क होल्ड’ म्हटलं की झालं. पण थोपवलेला कर्नल आणि इंटरनेट हे दोन्ही एका मशीनवर ठेवायला माझा नकार असतो, संचालक कितीही म्हणोत. गोठवलेल्या कर्नलवर काम करायचं तर वेगळं मशीन, नेट नाही, पेन ड्राइव्हवर बंदी. नाहीतर अपडेट घ्या आणि दुरुस्तीचा दिवस सोसा.

९. पडदा उघडला म्हणजे काम झालं असं समजू नका.

दुरुस्तीनंतर मी जिवंत डेटावर हात ठेवत नाही. अख्खा फोल्डर कॉपी करून त्यावर एक पावती करतो, ती डॉट मॅट्रिक्सवर छापतो, मग दिवसअखेर घेतो. प्रोग्रॅम मध्येच कोसळला असेल तर डीबीएफ फाइल ठीक राहून इंडेक्स बिघडलेला असू शकतो. मग खातं असतं पण शोधून सापडत नाही, आणि खातेदाराचा रक्तदाब वाढतो. रीइंडेक्स करा. छपाईत पुठ्ठ्याएवढा समास सुटतोय का तेही बघा, पासबुकच्या छापील रेघा कुणासाठी सरकत नाहीत.

१०. चालू आहे तोवर डेटा बाहेर काढा.

भाऊसाहेब विचारतात, “आता चालतंय, मग कशाला?” चालतंय म्हणूनच. डीबीएफ ही गरीब फाइल आहे. लिब्रेऑफिससुद्धा ती उघडतं. आकडे सुखरूप येतात. अडतं मराठीत. सीडॅकच्या गिस्ट कार्डावर भरलेली नावं इस्की संकेतात असतात, आयएस १३१९४:१९९१ प्रमाणे. ती युनिकोडमध्ये नेणं तुलनेने सोपं, कारण युनिकोडमधली देवनागरीची मांडणीच मुळात इस्कीवरून घेतली आहे. फाँटच्या सांकेतिक खुणांमध्ये टंकलेली नावं मात्र छळतात. तिथे अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात: ‘किर्द’ लिहायचं तर वेलांटी क च्या आधी आणि रफार द च्या नंतर. प्रत्येक फाँटचा तक्ता वेगळा. परिवर्तक वापरला तरी जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात, आणि त्यासाठी गावातली आडनावं माहीत असलेला जुना क्लार्क शेजारी बसवावा लागतो. संगणक शिकलेला नसला तरी चालेल.

नव्या प्रणालीत आकडे भरले की एका वर्षअखेरची तेरीज दोन्हीकडे काढतो. पैशाचाही फरक असेल तर पुढे जात नाही. बहुतेक वेळा तो व्याजाच्या पूर्णांकनात निघतो. जुळली की जुनी प्रणाली पुसत नाही. नेट नसलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, फक्त वाचण्यापुरती, तिची एक प्रत ठेवतो. लेखापरीक्षक दहा वर्षांपूर्वीचं व्हाउचर मागतात, आणि ते मागताना कर्नल कोणता हे विचारत नाहीत.