चीज निवडताना

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

बीबीसीच्या तरुण जॅझ वादकांच्या स्पर्धेत तुझी पुढच्या फेरीसाठी निवड झाली, हे ताईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. पाठोपाठ तुझी यादी आली, ती वाचली आणि लगेच लिहायला बसलो. तीन चिजा निवडल्या आहेस आणि तिन्ही द्रुत. त्यात कोल्ट्रेनची 'जायंट स्टेप्स' आहेच. दर दोन मात्रांना कॉर्ड बदलणारी ती चीज तुझ्या बोटांना झेपते, याबद्दल मला शंका नाही. पण फेरीच्या दिवशी येणाऱ्या बहुतेक सॅक्सोफोनवाल्यांना ती झेपणार आहे. म्हणून एक द्रुत चीज काढ आणि तिच्या जागी एक बॅलड, म्हणजे विलंबित लयीतलं गाणं, घे. माझं सांगणं एवढंच. पुढे लिहितो ती त्याची कारणं.

विलंबित लयीत लपायला जागा नसते. रीडवर जीभ कशी लागली, दम कुठे कमी पडला, स्वर सोडताना तो खाली घसरला का, हे सगळं ऐकणाऱ्याला कळतं. कोलमन हॉकिन्सनं ११ ऑक्टोबर १९३९ रोजी ध्वनिमुद्रित केलेलं 'बॉडी अँड सोल' पुन्हा ऐक. जेमतेम तीन मिनिटं, दोन आवर्तनं. मूळ चाल तो सुरुवातीला थोडी दाखवतो आणि लगेच सोडून देतो. तरी गाणं हातातून सुटत नाही, कारण कॉर्ड त्याच्या कानात पक्के बसले आहेत. दुसऱ्या आवर्तनात आवाज हळूहळू कसा भरत जातो, तेवढ्यावरच एक आख्खी संध्याकाळ घालव. डेक्स्टर गॉर्डन बॅलड सुरू करण्याआधी त्या गाण्याच्या ओळी श्रोत्यांना म्हणून दाखवत असे. तूही निवडलेल्या गाण्याचे शब्द पाठ कर. श्वास कुठे घ्यायचा ते शब्दच सांगतील.

आणि रोज सकाळी लाँग टोन. आपल्याकडे गवई खर्ज लावतात त्याच निष्ठेनं. खालच्या बी-फ्लॅटपासून सुरुवात, एका दमात एक स्वर, ट्यूनर बंद ठेवून. कान आधी, काटा नंतर.

अंतिम फेरीत साथीला पियानो, बेस आणि ड्रमवर अनुभवी मंडळी असतात. घरून पाठ करून आणलेला सोलो त्यांच्यासमोर तसाच ओतलास, तर त्यांना करायला काही उरणार नाही. पियानोवाल्यानं एखादा अनपेक्षित कॉर्ड टाकला तर थांब, ऐक, मग उत्तर दे. आमच्या रेकॉर्डिंगच्या दिवसांत गोव्याचे जुने वादक शेजारी बसायचे. लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज शिकलेली माणसं. समोर ठेवलेला कागद पहिल्या नजरेत वाजवायची. पण त्यांचं खरं मोठेपण मला दिसलं ते रात्री, हॉटेलातल्या बँडमध्ये, दुसऱ्याचा सोलो चालू असताना. डोळे त्याच्यावर, पाय ठेक्यावर, सॅक्सोफोन मांडीवर. तसं ऐकायला शीक.

निकालाबद्दल थोडंच लिहितो. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या थेलोनियस मंक स्पर्धेत सॅक्सोफोनची पाळी होती. पहिला आला जोशुआ रेडमन, हार्वर्डमधून नुकताच पदवी घेतलेला, येलमध्ये कायदा शिकायला निघालेला. तो गेलाच नाही, वादकच झाला. त्याच स्पर्धेत एरिक अलेक्झांडर दुसरा आणि ख्रिस पॉटर तिसरा. आज सॅक्सोफोन शिकणारी मुलं पॉटरचे सोलो उतरवून काढतात.

सॉनी रॉलिन्सचं मात्र सविस्तर सांगतो. १९५९ मध्ये तो नावारूपाला आलेला होता, 'सॅक्सोफोन कोलोसस' ही तबकडी ध्वनिमुद्रित होऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हाच त्यानं जाहीर कार्यक्रम बंद केले. झालेलं नाव आणि हातातलं वादन यांचा मेळ बसत नाही, असं त्याला वाटत होतं. घरात वाजवलं तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवू लागला, थंडीवाऱ्यातसुद्धा. १९६१ मध्ये परतला, पुढच्या वर्षी 'द ब्रिज' ही तबकडी आली. त्याच दशकाच्या अखेरीस तो पुन्हा थांबला आणि चक्क आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला. ज्याला कुणापुढेही काही सिद्ध करायचं नव्हतं, तो स्वतःचा कान समाधानी होईना म्हणून पुन्हापुन्हा थांबत होता. तुझ्या वयात मला हे कुणी सांगायला हवं होतं.

आणि तू राहतेस बर्मिंगहॅममध्ये! जमैकाहून १९४९ साली आलेले अँडी हॅमिल्टन तिथेच वाजवत राहिले. त्यांची पहिली तबकडी निघाली १९९१ मध्ये, वयाची सत्तरी उलटल्यावर. त्यांनी लेडीवुडमध्ये मुलांना शिकवायची सोय केली, आणि २०१८ साली तू उतरलेली हीच स्पर्धा जिंकणारा झोसा कोल तिथेच सॅक्सोफोन शिकला. तुझ्या गावात असलं घराणं आहे. तिथल्या जॅम सेशनला जात जा, मागे बसून ऐक, बोलावलं तरच उठ.

बॅलड कोणती घेतेस ते या आठवड्यात कळव. ठरली की फोनवर साधं रेकॉर्डिंग करून पाठव, साथीशिवाय, नुसता सॅक्सोफोन. सगळ्या रीड आत्ताच वाजवून बघ, दोन चांगल्या निघतील त्या बाजूला काढून ठेव. ताईला आणि भावजींना नमस्कार.

तुझा,
मामा